विधाते मॅडमची दुसरी वही

विधाते मॅडम टाइप करायला लागल्या की त्यांचे डोळे अर्धे मिटायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना झोप लागली. जेवणानंतरची वेळ, पंखा टक् टक् करत फिरतोय, साक्षीदार आपल्या बांधाची हकिकत सांगतोय, न्यायाधीशसाहेब त्याचं बोलणं निवडून-पाखडून सांगताहेत, आणि डायसच्या खाली डाव्या हाताला बसलेली ही बाई झोपेत बोटं हलवतेय. मी शेजारच्या वकिलाला कोपरानं ढोसलं.

"झोपल्या नाहीत त्या," तो कुजबुजला. "तिकडे गेल्यात."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"ते त्यांनाच ठाऊक. आल्या की विचार."

सुमन विधाते आमच्या कोर्टात लघुलेखिका होत्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी स्टेनो. आडनावावरून थट्टा करण्यात बाररूमनं कधी हात आखडता घेतला नाही. विधात्यानं लिहिलेलं पुसता येत नाही, हा विनोद दर महिन्याला कुणीतरी नव्यानं करायचा आणि मॅडम दर महिन्याला नव्यानं हसायच्या. माझं आडनाव पगार. ज्युनिअर वकील, आडनाव पगार, आणि पगाराच्या नावानं आवळ्याएवढं पूज्य. तेव्हा या बाबतीत आम्ही दोघं एकाच माळेचे मणी होतो. कदाचित म्हणूनच त्या माझ्याशी बोलायच्या. एरवी कोर्टात बोलणं हे त्यांच्या लेखी इतरांचं काम होतं.

बाहेरच्यांना वाटतं, साक्षीदार बोलतो आणि ते तसंच कागदावर उतरतं. तसं नसतं. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ऐकतात, मग ते त्यातलं कामाचं तेवढं कागदाच्या मराठीत सांगतात आणि स्टेनो ते टाइप करते. सायखेड्याचा माणूस पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, "लय हानला वो त्याला, पार चिखलात लोळवला." कागदावर येतं, 'आरोपीने फिर्यादीस मारहाण केली.' चिखल गेला, लोळवणं गेलं, 'वो' तर गेलाच. उलटतपासात तर गोदाकाठचा बागायतदार असो नाहीतर सुरगाण्याचा गुराखी, सगळे एका सुरात म्हणतात, 'हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' असलं वाक्य आईच्या पोटातून बाहेर पडलेल्या कुठल्याही माणसानं आजवर उच्चारलेलं नाही.

"पगार वकील," मॅडम एकदा म्हणाल्या, "शंभर वर्षांनी कुणी आपले हे कागद काढून वाचले ना, तर त्याला वाटेल नाशिक जिल्ह्यात एकच माणूस राहत होता. आणि तो सारखा नाही-नाही म्हणत होता."

म्हणून त्यांची दुसरी वही होती.

साक्षीदाराचं बोलणं संपून साहेब सांगायला लागेपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढ्यात त्या पेन्सिलीनं लघुलिपीत साक्षीदाराचे मूळ शब्द टिपून घ्यायच्या. जसेच्या तसे, हुंकारासकट. कुणी सांगितलेलं नव्हतं, कशासाठी लागत नव्हतं. वह्या त्या स्वतः विकत आणायच्या, सीबीएस बसस्थानकाजवळच्या दुकानातून, कारण सरकारी वही ठरावीक वर्षांनी रद्दीत जाते. लघुलिपीत रेषा असतात त्या व्यंजनांच्या. स्वर दाखवायला बारीक ठिपके आणि रेघा द्याव्या लागतात. हात बसला की बहुतेक लोक ठिपके-रेघा सोडून देतात आणि अंदाजानं वाचतात. मॅडम एकही सोडायच्या नाहीत. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाल्या, "अंदाज आपल्या बोलीचा चालतो. दुसऱ्याच्या बोलीचा करायला गेलं की आपणच बोलतो त्याच्या तोंडून."

बसमध्ये त्या खिडकीशी बसायच्या. मखमलाबादला त्यांच्या घरचा फुलांचा मळा, तिथून येऊन-जाऊन करायच्या. मागच्या सीटवर दोन बाया सुनेची उणीदुणी काढत असल्या की मॅडमची बोटं मांडीवरच्या पिशवीवर हलायला लागायची. त्यांना पत्ताही नसायचा. कीर्तनात, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे तेच. "मी ऐकत नाही हो," त्या म्हणायच्या, "माझ्यातून जातं नुसतं." स्वप्नंही त्यांना परक्याचीच पडायची. कुणाची तरी विहीर, कुणाची तरी हरवलेली म्हैस, कधीच न पाहिलेल्या घराची ओसरी आणि तिथे बसून कुणीतरी सांगतंय. त्या स्वतः त्या स्वप्नांत कधी नसायच्या. हे त्या इतक्या शांतपणे सांगायच्या की मलाच एकटं एकटं वाटायचं.

दिंडोरीकडचा एक द्राक्षबागेतला मजूर साक्षीला आला होता. भांडण कधी झालं, असं विचारल्यावर म्हणाला, "दुसऱ्या फवारनीच्या आदल्या दिशी." साहेब म्हणाले, तारीख सांगा. तो म्हणाला, "तेच सांगतो ना साहेब, दुसरी फवारनी होती, टॅक्टर बंद पडला होता." पुन्हा तारीख विचारली. तो गप्प झाला. कागदावर आलं, 'मला घटनेची तारीख आठवत नाही.' त्या दिवशी मॅडमनी डबा उघडला तसाच बंद केला.

"त्याला चांगली आठवत होती," त्या म्हणाल्या. "आपल्याला कळली नाही. आणि लिहिलं काय, तर त्याला आठवत नाही."

"पण मॅडम, कायद्याला तारीख लागते."

"लागू द्या की. मी कुठं नाही म्हणते? पण तो खोटा पडला ना."

साक्षीदाराचं गप्प बसणंसुद्धा त्या लिहायच्या. एका नव्या लग्नाच्या मुलीला नवऱ्याच्या वकिलानं काहीबाही विचारलं आणि ती बोलेचना. कागदावर चार शब्द, 'साक्षीदार उत्तर देत नाही.' मॅडमनी दुसऱ्या वहीत डोक्यावरच्या पंख्याच्या टकटकी मोजून तेवढे उभे फराटे काढले होते. मला त्यांनी ते पान दाखवलं. पानभर फराटे, एकाखाली एक. मी बघत राहिलो आणि ती दुपार मला पुन्हा ऐकू यायला लागली, तो पंखा, बाहेरचे झेरॉक्सवाले, त्या मुलीच्या हातातल्या रुमालाची चुळबुळ. काही नसलेलं इतकं ऐकू येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता माझी गोष्ट थोडी सांगावी लागेल, इलाज नाही. मी सटाण्याकडचा. आमच्या घरी अहिराणी. कॉलेजला नाशिकला आलो तेव्हा वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात माझ्या 'शे'वरून पोरं पोट धरून हसली. 'आहे'ला आम्ही 'शे' म्हणतो, यात हसण्यासारखं काय आहे मला अजून कळलेलं नाही. पण तेव्हा मी तो 'शे' जो गिळला तो गिळलाच. वकील झालो तोवर मी पुण्याच्या बातमीदारासारखं मराठी बोलत होतो. एकदा जिन्याखाली आईशी फोनवर बोलताना मॅडमनी मला पकडलं. त्यांचा चेहरा फुलला. "बोला ना, मला ऐकायचंय. साक्षीदारांचं ऐकलंय, पण ते बिचारे घाबरून बोलतात."

मी म्हणालो, "आता नाही येत हो मॅडम तेवढं."

घडीभर बघून त्या "बरं" म्हणाल्या.

आणि मग शोभाचा दावा लागला.

दगाजी नावाचा एक बागलाणातला गृहस्थ अंबडच्या कारखान्यात आयुष्यभर राबला आणि तिथंच जवळ त्यानं दोन खोल्यांचं घर बांधलं. त्याला एक मुलगा, एक मुलगी. मुलगा सुरतेला गेला तो तिकडचाच झाला. मुलगी शोभा, नवऱ्यानं सोडलेली, बापाजवळ राहिली. अंबडलाच पॅकिंगच्या कामावर जायची आणि येऊन अंथरुणाला खिळलेल्या बापाचं करायची. बापानं मरण्याआधी साध्या कागदावर मृत्युपत्र केलं, घर मुलीला. त्यावर दोन साक्षीदार. एक वारला. दुसरी दगाजीची सख्खी बहीण बायजाबाई, तिचा अंगठा. मुलाचं म्हणणं, हे मृत्युपत्र शोभानं आजारी माणसाचा हात धरून करून घेतलं. म्हणजे सगळं घर येऊन टेकलं बायजाबाईच्या तोंडावर. ती काय सांगेल त्यावर शोभा त्या दोन खोल्यांत राहणार की पिशवी घेऊन बाहेर पडणार, हे ठरायचं होतं.

आमचे सीनिअर मुलाचे वकील. त्यांच्या मागं फायली घेऊन मी.

एप्रिल होता. शोभाला सुट्टी मिळाली नव्हती. सकाळी आत्याला कोर्टात बसवून ती कामावर गेली. तिचे वकील नाशिक शहरातले, अहिराणीचा गंध नाही. साहेब नवे, कोकणातून बदलून आलेले, सज्जन माणूस. बायजाबाई ऐंशीच्या पुढची, बोळकं तोंड, कान कमी. तुमच्या भावाला मुलं किती, या प्रश्नाला ती म्हणाली, "एक आंडोर, एक आंडेर." अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. लिहायला गेलं तर एका कान्याचा फरक. साहेबांनी मॅडमकडं पाहिलं, मॅडमनी अर्थ सांगितला, तो बरोबर उतरला. जिल्ह्याच्या सगळ्या बोलींसाठी साहेब लोक मॅडमकडंच पाहायचे.

मग आमच्या सीनिअरनी विचारलं, अंगठा दिला त्या वेळी भाऊ काय बोलला?

बायजाबाई म्हणाली, "भाऊ बोलना, घर मन्ही आंडेरले देवानं शे."

देवानं म्हणजे द्यायचं. देवाचा इथे काही संबंध नाही. साहेबांनी पुन्हा मॅडमकडं पाहिलं. "कुणाला म्हणतात?"

आणि डोळे अर्धे मिटलेल्या विधाते मॅडम म्हणाल्या, "मुलाला, साहेब."

'मयताने मला सांगितले की, घर मुलाला द्यावयाचे आहे.' बोटं चालली, ओळ उमटली. आमचे सीनिअर खूश होऊन दुसरा प्रश्न विचारायला लागले. त्या गडबडीत बायजाबाई स्वतःशीच पुटपुटल्यासारखं अजून काहीतरी बोलली, ते कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी साक्ष तिला वाचून दाखवली, ती "हा, हा" म्हणाली आणि अंगठा दिला.

मी ऐकलं होतं. आंडेर ऐकलं होतं, आणि ती पुटपुटली तेही ऐकलं होतं. बायजाबाई सोडली तर त्या अख्ख्या खोलीत ते शब्द आईच्या दुधाबरोबर मिळालेला मी एकटा माणूस होतो. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. आपल्या बाजूनं चाललंय, आपण कशाला बोला, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण तेही नव्हतं. उभं राहून 'साहेब, आमच्याकडं असं म्हणतात' हे म्हणायची मला लाज वाटली. आमच्याकडं हा शब्दच मला तोंडातून काढायचा नव्हता.

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी. मॅडम सुट्टीत मळ्यात चिंचेखाली बसून वर्षभराच्या वह्या वाचायच्या, लोक कादंबऱ्या वाचतात तशा. त्यात हे पान आलं. अक्षर त्यांचंच, आणि 'आंडेर'वर ठिपका स्वच्छ. आंडोर असतं तर तिथं रेघ असती. पुढच्या ओळीत ते पुटपुटणंही होतं. हातानं सगळं बरोबर ऐकलं होतं. चुकलं होतं तोंड.

जूनमध्ये कोर्ट उघडलं त्या सकाळी त्या मला व्हरांड्यात भेटल्या. रात्रभर जागल्यासारखा चेहरा.

"पगार वकील, तुम्ही तिकडचे ना? त्या बायजाबाईंच्या साक्षीला तुम्ही होतात. काय ऐकलंत तुम्ही?"

"माझं लक्ष नव्हतं, मॅडम," मी म्हणालो. "फायलीत बघत होतो."

"त्या मेमध्येच वारल्या. सटाण्याला फोन करून विचारलं मी. म्हणजे आता पुन्हा विचारायचीही सोय नाही."

त्यांनी पदर नीट केला.

"मला त्यांचे दोन्ही शब्द येत होते हो. वीस वर्षं ऐकतेय. तरी घर म्हटल्यावर माझ्या तोंडात मुलगाच आला. का आला माहितीये? आमच्या मळ्याचं हक्कसोडपत्र भावांच्या नावे मी स्वतः टाइप केलं होतं. माझं मीच. एकसुद्धा चूक नव्हती त्यात." आणि त्या थोडं हसल्या. "म्हणजे हात तेव्हाही चांगलाच चालत होता."

त्या एकट्याच चेंबरमध्ये गेल्या आणि लेखी दिलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. साक्षीच्या कागदात फेरफार केल्याचा नुसता वास आला तरी चौकशी लागते, पेन्शन अडकतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बाररूममध्ये दिवसभर तोच विषय. कुणी म्हणालं, हात दाखवून अवलक्षण. आमचे सीनिअर तर भर कोर्टात गरजले, "साहेब, हा सरळसरळ ध चा मा आहे! साक्षीदार मेल्यावर स्टेनोची घरची वही बाहेर निघते. ठिपका काय, तो नंतरही देता येतो!"

साहेबांनी मॅडमना विचारलं, "देता येतो?"

"येतो, साहेब," मॅडम म्हणाल्या.

इतकं सरळ उत्तर द्यायची आमच्या धंद्यात रीत नाही.

साहेबांनी विचार केला आणि शेजारच्या कोर्टातल्या एका स्टेनोबाईंना बोलावून घेतलं. त्या सोलापूरकडून नुकत्याच बदलून आल्या होत्या. प्रकरण काय, कुणाचं, काही सांगितलं नाही. वही त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "जे लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. अर्थ लागला नाही तरी चालेल."

त्या दिवशी शोभा आली होती. पहिल्यांदाच मी तिला नीट पाहिलं. कामावरचा निळा कोट तसाच अंगात, पायात चपला झिजलेल्या. ती मागच्या बाकावर टोकाला बसली होती.

सोलापूरच्या बाई वाचायला लागल्या. पहिलीतलं मूल वाचतं तसं, अक्षरावर अक्षर ठेवून. एक आंडोर, एक आंडेर. त्यांना कळत काहीच नव्हतं, म्हणून त्या कुठंही जोर देत नव्हत्या, कुठंही सावरत नव्हत्या. आणि त्यामुळं काय झालं मला सांगता येत नाही, पण हळूहळू त्या बाईंचा आवाज मागं सरत गेला आणि बायजाबाईच पुन्हा पिंजऱ्यात येऊन उभी राहिली. तेच थांबणं, तोच मधला "हं". पंखा टक् टक् करत होता. मला आमच्या घराची ओसरी दिसायला लागली, माझी आजी तांदूळ निवडताना बोलायची ती दुपार, तिचा आवाज. मला वाटलं, आपण हे आत्ता ऐकत नाही आहोत, फार पूर्वी कधीतरी ऐकतो आहोत.

"भाऊ बोलना," बाईंनी वाचलं, "घर मन्ही आंडेरले देवानं शे."

सीनिअर उठायला लागले. साहेबांनी हातानंच त्यांना बसवलं. "पुढे काही आहे?"

"आहे, साहेब. एक ओळ." बाईंनी वही डोळ्यांजवळ धरली. "तिले कोन शे?"

मागून शोभाचा आवाज आला, "आत्या!" एवढंच. शिपायानं तिला गप्प करायला हवं होतं. त्यानं केलं नाही.

साहेबांनी विचारलं, "याचा अर्थ?" त्यांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी मान हलवून नकार दिला. अर्थ सांगायचा अधिकार त्यांनी स्वतःपुरता काढून घेतला होता. मग साहेबांनी कोर्टात नजर फिरवली. "अहिराणी कुणाला येते इथं?"

मी माझ्या बुटांकडं पाहत होतो. शेवटी दाराबाहेर पुकारा करणारा म्हातारा शिपाई, मालेगावकडचा, आत आला. हात जोडून म्हणाला, "साहेब, घर मुलीला द्यायचंय, असं म्हंतीय ती. तिला कोन हाये, असं भाऊ बोलला. मुलीलाच. पोराला 'तिला' कसं म्हनतील?"

ते 'तिले' एप्रिलमध्ये कागदावर आलं असतं तर वादच उरला नसता. पण कामाचं नाही म्हणून ते गळलं होतं. ठिपक्याचं काय ते म्हणा. 'तिले' हा काही ठिपका नव्हता, भरल्या पानाच्या मधली अख्खी ओळ होती, ती मागून घुसवता येत नाही. साहेबांनी साक्ष दुरुस्त करायला सांगितली, आणि त्यांना पहिल्यांदाच असं म्हणताना मी ऐकलं, "मॅडम, हे माझ्या शब्दांत नको. बाईंच्या शब्दांत घ्या, अवतरणात, जसंच्या तसं." मॅडम टाइप करत होत्या तेव्हा त्यांचे डोळे सताड उघडे होते.

घर शोभाकडं राहिलं. आमच्या सीनिअरनी महिनाभर मॅडमच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. चौकशी झाली, समज देऊन मिटली. पण मॅडमनी स्वतःच अर्ज करून नक्कल विभागात बदली मागून घेतली. मी विचारलं, कशाला? तर म्हणाल्या, "हात अजून बरे आहेत. डोक्याचं खात्रीनं सांगता येत नाही आता. नकला करताना डोकं लागत नाही." उरलेली दोन वर्षं त्या तिथं लाल बासनांच्या मधे बसून जुने कागद उतरवून देत राहिल्या. मी नक्कल मागायला गेलो की चहा पाजायच्या. त्या सकाळचा विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही, आणि त्यांनी काढावा म्हणून मी तिथं उगाच रेंगाळायचो.

मी पुढं स्वतःची वकिली थाटली. आता आमच्याकडं बोललेलं आपोआप टाइप करणाऱ्या यंत्राची चर्चा आहे. परवा एकानं फोनवर तसलं काही दाखवलं, म्हणाला, वकीलसाहेब, बोला काहीही. मी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणालो, आंडेर. पडद्यावर उमटलं, 'अंदर'. तो हसला. मला हसू आलं नाही. मी गाडी काढली आणि मखमलाबादला गेलो.

विधाते मॅडम मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, शेवंतीच्या ढिगापाशी बसल्या होत्या. चार-पाच बाया जुड्या बांधत होत्या, भावजय हिशेबानं पाणी शिंपडत होती. मॅडम फार वाळल्या होत्या. मला ओळखलं, "या, पगार वकील," म्हणाल्या, बसायला पोतं सरकवलं. मग कानाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "हे गेलं. दोन्ही. यंत्र आणलंय भाच्यानं, पण त्यात सगळे एकाच आवाजात बोलतात. ठेवून दिलं डब्यात."

मी थोडा वेळ बसलो. माझ्याकडं वाक्य तयार होतं, कितीतरी वर्षं घासूनपुसून ठेवलेलं.

"मॅडम," मी म्हणालो, "त्या बायजाबाईंच्या साक्षीच्या वेळी, वस्तुस्थिती अशी होती की, मलाही ते लक्षात आलं होतं, परंतु त्या परिस्थितीत—"

"काय?" त्यांनी कानाला हात लावला.

"मी म्हणतो, मलाही त्या दिवशी शब्द समजला होता!"

"शब्द? कुठला शब्द? नीट बोला हो."

बायांचे हात थांबले होते. भावजय झारी धरून बघत होती. आता मागं फिरणं शक्य नव्हतं. मी पोत्यावरून उठलो, त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि मळ्याच्या त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "मी आयकेल व्हतं, मॅडम! आंडेरच बोलनी ती! माले समजेल व्हतं! मी बोलनू नही!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. मॅडम माझ्या ओठांकडं पाहत होत्या, डोळे पूर्ण उघडे. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हां," त्या म्हणाल्या, "आता आलं ऐकू."

आणि भावजयीला माझ्यासाठी चहा टाकायला सांगून त्या पुन्हा फुलांकडं वळल्या.